बागेविना शहरे, भार येडशीच्या रानावर

येडशी : श्रावणी सोमवार उजाडला की सोलापूर-धुळे महामार्गावरील येडशीहून वाहनांची रांग रामलिंगाकडे वळते. बालाघाटाच्या या दरीत प्राचीन शिवमंदिर आहे, पावसाळी धबधबा आहे, जटायूची आख्यायिका आहे आणि भाविकांच्या पिशव्यांवर नजर ठेवून बसलेली माकडेही आहेत. धाराशिव, बार्शी, लातूरची कुटुंबे देवदर्शन व सहल एकाच फेरीत उरकतात. या गर्दीत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. हे उद्यान नाही. १९९७ मध्ये घोषित झालेले, जेमतेम २२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे.

त्याबद्दल सहलकरूंना दोष देऊन भागणार नाही. धाराशिव व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील वनाच्छादन क्षेत्रफळाच्या एक टक्क्याच्याही आत आहे. शहरांत मोठी सार्वजनिक बाग नसेल, तर माणसे सावली शोधत रानातच जाणार. बागेला आपल्याकडे शोभेची वस्तू समजले जाते. प्रत्यक्षात उन्हाळ्यात वस्तीचा ताव कमी करणे, पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे ही तिची रोजची कामे आहेत. दोन खोल्यांच्या घरातील वृद्धांना आणि मुलांना एक पैसा न मोजता बसता-खेळता येईल, अशी दुसरी जागा शहरात क्वचितच उरते.

केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा हवी. मुंबईत हा निकष कागदावरही गाठला जात नाही. तेथील भार सुमारे १०० चौरस किलोमीटरचे बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान वाहते. सकाळी फिरणारे नागरिक, बिबटे आणि शहराला पाणी देणारे विहार व तुळशी तलाव, सारे त्याच्याच आश्रयाला. शेजारच्या आरेमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. बदल्यात अन्यत्र रोपे लावण्याचे आश्वासन हे नेहमीचेच. पण दूरच्या रोपाची सावली त्या वस्तीवर पडत नाही.

मूळ दुखणे कायद्याच्या वाटेत आहे. विकास आराखड्यात बागेचे आरक्षण पडते, पण मोबदल्यासाठी निधी नसतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जागा संपादित न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या २४ महिन्यांत पालिका हलली नाही, की आरक्षण व्यपगत होते. कोणताही मोर्चा न निघता बाग नाहीशी होते.

त्याची किंमत येडशी मोजते आहे. डिसेंबर २०२४ मध्ये या अभयारण्यातील कॅमेऱ्यात चक्क वाघ टिपला गेला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत तो आला होता. पाळीव जनावरांवर हल्ले होऊ लागले, गावकरी धास्तावले आणि २०२५ च्या प्रारंभी त्याला जेरबंद करण्यासाठी पथके रानात उतरली. वाघ त्यांना हुलकावणी देत राहिला. दरीतील मंदिराची वाट मात्र तीच आहे, आणि श्रावणात शहरांतून येणारी माणसेही तीच.