दुकानाचा गल्ला आणि घरचा खिसा

क्रेडिट कार्डाचे नाव निघाले की आपल्या मध्यमवर्गीय घरांत अजूनही कपाळाला आठ्या पडतात. 'ऋण काढून सण' असा शेरा मारला जातो आणि विषय संपतो. घरखर्चापुरता हा संशय रास्तच आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही शिकवण जुनी असली तरी शिळी झालेली नाही. परंतु व्यवसायाच्या कार्डालाही तोच शेरा लावला जातो, तेव्हा त्याचा प्रतिवाद केलाच पाहिजे. कारण 'कर्ज नको' म्हणणारा आपला व्यापारी उधारीवाचून एक दिवसही धंदा करीत नाही.

आटपाडीचेच उदाहरण घ्या. माणदेशातील या अवर्षणग्रस्त टापूतून असंख्य कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायासाठी देशभर पसरली. मागे राहिलेल्यांनी डाळिंबाच्या बागा उभ्या केल्या. टेंभू योजनेच्या पाण्याने त्यांना पुढे आधार दिला. डाळिंबाचा बहार धरला की औषधे, खते, मजुरी यांचा खर्च आधी होतो; पैसा मात्र फळ बाजारात गेल्यावर दिसतो. मधल्या काळात कृषी सेवा केंद्राचा चालक बागायतदाराला उधार माल देतो आणि स्वतः कुणाकडून तरी हातउसने घेतो. हे कर्ज नव्हे तर काय? फरक इतकाच की, ते कागदावर येत नाही.

मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या हाती कार्ड देतात ते चैनीसाठी नव्हे, हिशेबासाठी. प्रवास, निवास, इंधन यांवरील प्रत्येक खर्च तारखेनिशी नोंदला जातो. कोणी किती खर्चावे याची मर्यादा कंपनी ठरविते. महिन्याचे एकच देयक येते आणि ते मुदतीत पूर्ण भरल्यास खरेदीच्या तारखेनुसार साधारण ४५ ते ५० दिवसांपर्यंत बिनव्याजी अवधी मिळतो. उलट रोखीचा व्यवहार कायद्यालाही रुचत नाही. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास, काही अपवाद वगळता, प्राप्तिकरात तो व्यवसायखर्च म्हणून मान्य होत नाही.

आपल्या छोट्या व्यावसायिकाचा खरा रोग कर्ज हा नाहीच. दुकानाचा गल्ला आणि घरचा खिसा एक असणे, हा तो रोग आहे. लग्नाचा खर्च गल्ल्यातून, मालाचे पैसे पत्नीच्या दागिन्यांवर! वर्षअखेरीस धंदा बुडाला की घरखर्च वाढला, हे मालकालाही सांगता येत नाही. मग बँकेने कशाच्या आधारे पत ठरवावी? ज्याची नोंद नाही त्याची पत नाही, आणि ज्याची पत नाही त्याला सावकाराचा उंबरा चुकत नाही.

कार्ड हाही एक सावकारच, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. देयक थकले की महिना तीन टक्क्यांच्या पुढे, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात व्याज चढू शकते. रोख काढल्यास पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. 'किमान रक्कम भरा' ही सवलत नसून सापळा आहे. ३० टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरविणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. म्हणूनच महिन्या-दीड महिन्यात वसूल होणाऱ्या खर्चासाठीच कार्ड वापरावे. डाळिंबाच्या संपूर्ण हंगामाचा भार त्यावर टाकणे आत्मघात ठरेल. त्यासाठी १९९८ पासून किसान क्रेडिट कार्ड आहे.

२०२५ च्या अर्थसंकल्पात उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी ५ लाख रुपये मर्यादेच्या कार्डाची घोषणा झाली. पहिल्या वर्षी अशी १० लाख कार्डे देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. स्वदेशी रुपे क्रेडिट कार्ड तर २०२२ पासून यूपीआयला जोडता येऊ लागले. साधने आहेत. परंतु ती महानगरांतील कंपन्यांपुरतीच राहणार की आटपाडीच्या पेठेतील दुकानदारापर्यंत पोहोचणार? बँकांनी शाखेच्या दारात वाट पाहत बसू नये, आणि गावातील सुशिक्षितांनी शेजारच्या दुकानदाराची नोंदणी करून देण्यात कमीपणा मानू नये. व्यापाऱ्याने मात्र पहिले पाऊल आजच टाकावे : घराचे खाते वेगळे, दुकानाचे वेगळे. हे ज्याला जमत नाही, त्याने कार्डाच्या वाटेला जाऊच नये. आणि ज्याला जमते, त्याने त्याला भिण्याचे कारण नाही.