बैल घेताना दात बघतात!

गेम खेळणारा माणूस वाया गेलेला असतो यावर आमच्या समस्त नातेवाइकांचं एकमत आहे. त्या वादात आज पडत नाही. काका-मामांनी निर्धास्त वाचावं, आजचं भांडण त्यांच्याशी नाहीच. ते आहे गेम विकणाऱ्यांशी.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. जी वस्तू अर्धवट हातात पडते, जी मित्राला देता येत नाही आणि मन भरल्यावर विकता येत नाही, तिची पूर्ण किंमत मागणं ही लबाडी आहे. आणि शहापूर-मुरबाडकडे राहणाऱ्याला ती जास्तच टोचते.

आधी मशीनचं बघू. प्लेस्टेशन ३ भारतात आला २००७ मध्ये, ३९,९९० रुपयांना. प्लेस्टेशन ५ आला फेब्रुवारी २०२१ मध्ये, डिस्कवाला ४९,९९० ला. चौदा वर्षांत दहा हजार वाढले. महागाई धरली तर मशीन महाग झालं असं म्हणता येणार नाही. सरकारने २०१८ च्या अर्थसंकल्पात कन्सोलवरचं सीमाशुल्क १० वरून २० टक्के केलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. एका हाताने घेतलं, दुसऱ्या हाताने दिलं. असो. मशीन एकदाच घ्यायचं असतं. गेम मात्र घेतच राहावे लागतात, आणि प्लेस्टेशन ४ वर ३,९९९ ला मिळणारा मोठा गेम ५ वर ४,९९९ चा झाला.

पाच हजार जास्त आहेत का? गेम चांगला असेल तर नाहीत. २०१५ चा विचर ३ घ्या. शंभर तास खेळलात तरी कोपरे शिल्लक राहतात. त्याच कंपनीने १० डिसेंबर २०२० ला सायबरपंक २०७७ आणला. प्लेस्टेशन ४ वर तो इतका अडखळत होता, बंद पडत होता, की आठवड्याभरात सोनीने आपल्या दुकानातून काढून टाकला. परत आला तो जून २०२१ मध्ये. पुढे कंपनीने तो नीट केला, आता उत्तम आहे, हेही मान्य. पण हिशोब बघा. ज्यांनी विश्वासाने पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजले त्यांना सगळ्यात वाईट गेम मिळाला. जे थांबले त्यांना चांगला मिळाला, तोही स्वस्तात. हा कुठला न्याय?

आमच्या मुरबाड तालुक्यात म्हसाची यात्रा भरते, पौष पौर्णिमेला. तिथे बैल घेणारा आधी दात बघतो, चालवून बघतो, चार जणांना विचारतो, मग पैशाला हात घालतो. जन्माला न आलेल्या वासराचे पैसे कोणी सहा महिने आधी देत नाही. गेमच्या बाजारात मात्र याला प्री-ऑर्डर म्हणतात, आणि शिकली-सवरलेली पोरं ती अभिमानाने करतात. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, दुसरं काय!

आता डिस्कचं. पूर्वी डिस्क म्हणजेच गेम. टाकली की सुरू. २०२२ च्या कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २ च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबी होते. बाकी सगळा गेम नेटवरून उतरवायचा. १०० जीबीचा गेम १० एमबीपीएसच्या लाइनवर बावीस तास घेतो, तेही मध्ये वीज आणि नेट गेलं नाही तर. मोबाईलच्या रोज २ जीबीच्या पॅकवर पन्नास दिवस. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात गावात टँकर. उशाला धरण, घशाला कोरड हे आम्हाला नवीन नाही. आता हातात डिस्क आणि खेळायला काही नाही, एवढीच भर.

मग डिस्क हवीच कशाला, डिजिटल एडिशन दहा हजारांनी स्वस्त होती की, असं शहरातले मित्र म्हणतात. करा हिशोब. ४,९९९ चा गेम संपवून निम्म्या किमतीत विकला तरी चार गेममध्ये ते दहा हजार वसूल. शिवाय आसनगावच्या मित्राने एक घ्यायचा, मुरबाडच्याने दुसरा, आणि अदलाबदल करायची. आमच्याकडे गेमिंग परवडलं ते असं. डिजिटलमध्ये हे सगळं बंद. सेल लागतात, खरंय. पण सूट ही त्यांची मर्जी असते, विकणं हा माझा हक्क असतो.

आणि तो हक्कही पोकळ होत चाललाय. यूबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला 'द क्रू'चे सर्व्हर बंद केले. २०१४ चा गेम, एकट्याने खेळायचा म्हटला तरी नेट लागायचं. लोकांच्या कपाटातल्या डिस्क एका दिवसात चहाचा कप ठेवायच्या कामाच्या झाल्या. भाड्याने देताय तर भाडं म्हणा आणि भाड्याएवढेच पैसे घ्या. विकत म्हणताय तर ती वस्तू माझी राहू द्या.

तोवर माझे नियम साधे आहेत. आगाऊ पैसे द्यायचे नाहीत. महिनाभर थांबायचं, खेळलेल्यांना विचारायचं. ज्याचा पूर्ण गेम डिस्कवर आहे तोच पूर्ण किमतीला घ्यायचा. आणि कपाटात ठेवण्यापेक्षा मित्राला द्यायचा.

कंपन्यांना आमच्या दोन तालुक्यांनी काही फरक पडणार नाही, कल्पना आहे. पण गिऱ्हाईक दात बघायला लागलं की विकणाराही जरा नीट चारा घालतो.