ओढले म्हणून भागत नाही

बीएस-6 पेट्रोल गाडी बार्शीच्या गॅरेजात वर घेतली, की सायलेन्सरच्या पाइपात घट्ट बसवलेला ऑक्सिजन सेन्सर दिसतो. त्याच्या चार वायरींपैकी दोन हीटरच्या असतात. आत असते यिट्रियम मिसळलेले झिर्कोनियम ऑक्साइड. दोन झिर्कोनियमच्या जागी दोन यिट्रियम आले की ऑक्सिजनची एक जागा रिकामी पडते आणि अशा रिकाम्या जागांतून उड्या मारत ऑक्सिजन आयन पुढे सरकतात. गार असताना मात्र ते जागचे हलत नाहीत, म्हणून हीटर. यावर उपाय म्हणून ठासून सांगितले जाते, की ऑक्साइडचा पातळ थर ताणा. रिकाम्या जागा वाढतील, आयन धावतील. 2008 मध्ये याच पदार्थाच्या ताणलेल्या, जेमतेम नॅनोमीटरभर जाडीच्या थरात वाहकता दहा कोटी पटींपर्यंत वाढल्याचा दावा झाला. पुढच्याच वर्षी आक्षेप आला: वाहतात ते ऑक्सिजन आयनच कशावरून? त्याला लागून असलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या थरातले इलेक्ट्रॉन कशावरून नव्हेत? आक्षेप रास्त होता. नुसती वाहकता मोजून कोण वाहते आहे ते कळत नाही. 2010 मधल्या एका गणिताने तर हिशेबच जमिनीवर आणला: 400 केल्विनला सर्वाधिक वाढ सुमारे 6,800 पट, तीही 4 टक्के ताणावर, त्यापुढे ओढले तर काही बंध उलट घट्ट होतात आणि वेग घसरतो.

म्हणून ताणाची कल्पनाच टाकाऊ ठरते का? मुळीच नाही. सेरियम ऑक्साइडमधून ऑक्सिजन निघून गेला की मागे उरलेला सेरियम आयन आकाराने फुगतो. अणूंची जाळी आधीच ओढलेली असेल तर त्याला ऐसपैस जागा मिळते, रिकामी जागा स्वस्तात पडते. इथवर ताणवाद्यांचे बरोबर आहे. पण ऑक्सिजन आत घेण्याची पृष्ठभागावरची क्रिया रिकाम्या जागांच्या केवळ संख्येवर चालत नाही. ॲनाटेज टायटॅनियम ऑक्साइडमध्ये रिकाम्या जागा वरच्या थरापेक्षा त्याखाली राहणे पसंत करतात, असे 2009 मध्ये दिसले. खाली दडलेल्या जागेचा वरून येणाऱ्या रेणूला थेट उपयोग काय? कुणी म्हणेल, स्फटिकातले दोषही आजूबाजूची जाळी ताणतात, मग ते वाढवले की झाले. भेसळ केलेल्या सेरियम ऑक्साइडवरच्या 2015 च्या संगणकीय अभ्यासात नेमके उलटे निघाले: परके अणू आणि रिकाम्या जागा दोषाभोवती गोळा होऊन एकमेकांना अडकवतात, आयन मंदावतात. खरा पुरावा हवा तर ऑक्सिजन-18, म्हणजे वेगळा ओळखू येणारा जड ऑक्सिजन, पाठवून तो पृष्ठभागातून किती आत शिरला आणि पुढे किती पसरला, हे वेगवेगळे मोजावे. 2013 मध्ये लँथॅनम स्ट्रॉन्शियम कोबाल्टाइटच्या थरांवर हे झाले आणि दाबलेल्यापेक्षा ओढलेल्या थरात दोन्ही वेग जास्त भरले. वाढ दहा कोटी पटींच्या जवळपासही नव्हती. पण ती ऑक्सिजनचीच होती.