मागचा दरवाजा नव्हे, जिना!

दरवर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा होतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात. पण हा थोर अभियंता आधी बी. ए. झाला होता, हे त्या भाषणांतून क्वचितच ऐकू येते. १८८१ साली बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून त्यांनी ही पदवी घेतली. मग म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत आले आणि १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. एक कॉलेज, एक शाखा मागे ठेवून ते दुसरीकडे गेले. म्हणून त्यांना कोणी 'मागच्या दाराने आलेला' म्हणत नाही.

आज मात्र हेच शब्द आपल्याच वयाच्या हजारो मुलामुलींना ऐकावे लागतात. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करायची आणि मग अभियांत्रिकी महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा, हा त्यांचा मार्ग. बारावी आणि सीईटी देऊन पहिल्या वर्षाला आलेले त्यांना 'डिप्लोमावाले' म्हणतात. त्या शब्दात जी तुच्छता भरलेली असते, तिच्याविषयी मला लिहायचे आहे.

'यांनी सीईटी दिलीच कुठे?' हा नेहमीचा आक्षेप. खरे आहे, दिली नाही. पण सीईटीचा पेपर तीन तासांचा असतो आणि पदविका सहा सत्रांची! कार्यशाळा, ड्रॉइंग, प्रात्यक्षिके, तोंडी परीक्षा, प्रकल्प हे सारे पार केल्यावाचून ती हाती पडत नाही. पुढे थेट प्रवेशाची गुणवत्ता यादी लागते ती पदविकेच्या गुणांवरच. सीओईपी किंवा व्हीजेटीआयसारख्या नामवंत संस्थांत या जागा थोड्या आणि मागणारे फार, त्यामुळे तिथली यादी फार वरच्या टक्केवारीवर थांबते. ज्या दारात अशी रांग लागते, त्याला मागचा दरवाजा कसे म्हणावे?

मुळात ही मुले पदविकेकडे वळतात का, याचा विचार आपण करतो का? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. माझा धाकटा भाऊ दहावी झाला तेव्हा घरात चर्चा झाली. शहरात दोन वर्षे खोली घ्यायची, क्लासची फी भरायची आणि एवढे करून प्रवेश मिळाला नाही तर काय? वडील एवढेच म्हणाले, "तीन वर्षांनी पोराच्या हातात काहीतरी असलं पाहिजे." भावाने पॉलिटेक्निकचा अर्ज भरला. ज्या घराला दोन वर्षांचा जुगार परवडत नाही, त्या घराचा हा हिशेब आहे. पुढे पदवीला नंबर लागला तर उत्तमच. नाही लागला तरी पदविकेवर नोकरी मिळू शकते. म्हणून मी याला जिना म्हणते. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर माणूस उभा राहू शकतो.

या जिन्याची पहिली पायरी तर आणखी खाली आहे. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि तिथून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला! म्हणजे फिटरचे काम शिकलेला मुलगा पायरी पायरीने अभियंता होऊ शकतो. पंधराव्या वर्षी घेतलेला निर्णय जन्मभराची शिक्षा ठरू नये, असे ज्यांना वाटते त्यांनी या व्यवस्थेचे स्वागतच केले पाहिजे.

या मार्गात अडचण नाही असे मात्र नाही. सर्वांत मोठी अडचण गणिताची. पहिल्या वर्षाचे गणित वर्गात न शिकताच ही मुले तिसऱ्या सत्रात येऊन बसतात आणि समोर लाप्लास ट्रान्सफॉर्म उभे राहते. कित्येकांचे विषय इथेच राहतात. मग 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' असे म्हणणारे तयारच असतात. पण हा दोष बुद्धीचा नाही, दोन अभ्यासक्रमांत राहिलेल्या फटीचा आहे. अशा विद्यार्थ्यांसाठी गणितासारख्या विषयांचे पूरक वर्ग घ्यावेत, हे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांतही आहे. ते वर्ग केवळ कागदावर न राहता सत्राच्या पहिल्या दिवसापासून मनापासून घेतले जावेत. दार उघडे ठेवायचे आणि उंबरठा तेवढा उंच करायचा, हे न्यायाचे नाही.

कला शाखेच्या विद्यार्थिनीला ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. याचे कारण सरळ आहे. 'सायन्सला नंबर लागला नाही का?' हा प्रश्न आपणही ऐकत आलो आहोत. एकच रस्ता खरा आणि बाकीच्या आडवाटा, ही समजूत डिप्लोमावाल्यांना जशी हिणवते तशीच आपल्यालाही हिणवते. त्यांच्या बाजूने बोलणे म्हणजे आपल्या बाजूनेही बोलणे आहे.

शेवटी एक सूचना करते. आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात भरते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, पथनाट्ये करतो. यंदा त्यातली एक दुपार त्या गावच्या दहावीच्या वर्गाला द्यावी. फळ्यावर हा जिना काढावा: आयटीआय, पदविका, पदवी. कोणत्या पायरीवर कसे जाता येते आणि अर्ज कुठे करायचा, ते समजावून सांगावे. ज्यांच्या घरी हे सांगणारे कोणी नाही, अशा मुलांना तेवढी एक दुपारही पुष्कळ होईल.

— द्वितीय वर्ष, बी. ए.