काठी मिळते, पायांतल्या ताकदीचे काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. जिमच्या सेवेवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. घरी वापरायच्या सर्वसाधारण व्यायाम साधनांवरील कर मात्र १८ टक्केच राहिला. जो स्वतःच्या पायांनी जिमपर्यंत जाऊ शकतो त्याला सवलत आणि जो घराचा उंबरठाही ओलांडू शकत नाही त्याला पूर्ण कर, असा हा हिशेब आहे. रकमेचा फरक फार नाही, पण ज्येष्ठांचा व्यायाम ही चैन आहे की गरज, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

सरकारी योजनांतही तेच दिसते. १ एप्रिल २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू आहे. कमी उत्पन्नाच्या ६० वर्षांवरील नागरिकांना तिच्यातून काठी, वॉकर, चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा अशी साधने मोफत मिळतात. कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी ती पुरवते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्वतःची मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा होतात. अर्थात ती महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी आहे, आपल्याला मध्य प्रदेशात लागू नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर.

या योजना चांगल्याच आहेत आणि पात्र सभासदांनी त्यांचा लाभ जरूर घ्यावा. पण त्या चालणे अवघड झाल्यावर किंवा पडल्यावर मदतीला येतात. चालण्याची ताकद टिकावी म्हणून लागणारा रोजचा व्यायाम त्यांच्यात फारसा बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकद वाढवण्याचे व्यायाम करावेत. जिल्हा रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी फिजिओथेरपीची तरतूद आहे, पण बेटम्याहून इंदूर पंचवीस-तीस किलोमीटर. मुले पुण्याला किंवा परदेशात असताना आठवड्यातून तीनदा आजी-आजोबांना कोण नेणार?

म्हणून घरचा व्यायाम महत्त्वाचा, आणि त्याला महागडे यंत्र लागत नाही. खुर्चीत बसून चालवायचे छोटे पेडल, रबरी पट्टा, मुठीत दाबायचा मऊ चेंडू आणि आखडलेल्या खांद्यासाठी दाराला अडकवायची दोरी व कप्पी एवढ्यात बरेच काम होते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे किंवा भक्कम खुर्चीवरून उठणे-बसणे याला तर काहीच खर्च नाही. खुर्ची मात्र पाठीची, भिंतीला टेकवलेली आणि बिनचाकांची हवी. पेडल फरशीवर सरकते, त्याखाली रबरी चटई घालावी. जाहिरातीत ‘बसल्या जागी चालण्याचा फायदा’ सांगणारी थरथरणारी यंत्रे स्नायूंच्या व्यायामाची जागा घेत नाहीत. पक्षाघात, हृदयविकार, ठिसूळ हाडे किंवा नुकतेच झालेले गुडघ्याचे ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये. छातीत दुखले, चक्कर आली किंवा धाप लागली तर लगेच थांबावे.

खरी अडचण पुढेच येते. हौसेने आणलेले पेडल महिन्याभरात पलंगाखाली जाते, कारण ते कसे आणि किती वेळ वापरायचे हे कोणी दाखवलेले नसते. इथे समाज म्हणून आपण उपयोगी पडू शकतो. अनामत घेऊन वॉकर, खाट, चाकांची खुर्ची अशी रुग्णोपयोगी साहित्ये वापरायला देण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक गावांत आहे. तशीच पेटी आपल्याकडे ठेवून तिच्यात व्यायामाची साधनेही घालावीत. कोणाच्या माळ्यावर पडून असलेले पेडल त्यात जमा होऊ शकते. महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टना इंदूरहून बोलावले तर एकाच फेरीत अनेक घरांचे काम होईल.

कराचा दर दिल्लीत ठरतो. ही पेटी आणि ही महिन्याची फेरी मात्र आपल्याला इथेच ठरवता येईल.