समुद्राचा वास, वऱ्हाडचे ढग

अकोल्यात कुठला आलाय समुद्र, असं तुम्ही म्हणाल. पण बॉस, त्याचं आपलं नातं चौपाटीपुरतं नाहीच!

किनाऱ्यावर येतो ना तो टिपिकल वास, त्यात एक वायू असतो : डायमिथाइल सल्फाइड, शॉर्टमध्ये डीएमएस. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती त्याचा कच्चा माल बनवतात, बॅक्टेरिया त्याचा वायू करतात. हवेत त्यापासून गंधकाचे बारीक कण होतात. त्यांच्यावर वाफ जमली की ढगाचा थेंब तयार! गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अरबी समुद्रात हा वायू मोजलाय.

1987 मध्ये चार शास्त्रज्ञांनी भन्नाट फंडा मांडला. समुद्र तापला की डीएमएस वाढेल, ढग उजळतील, पृथ्वी थंडावेल. नैसर्गिक एसीच! 2011 मध्ये क्विन आणि बेट्स यांनी मात्र त्यातली हवा काढली. लाटांतून उडणारं मीठ, सेंद्रिय कण अशी ढगबीजं इतरही बरीच आहेत, एकट्या डीएमएसवर हा एसी चालत नाही.

त्यात आपला धूर. 1999 च्या ‘इंडोएक्स’ मोहिमेला हिवाळ्यात अरबी समुद्रावर काजळीचं धुरकं सापडलं. आणि कण वाढले म्हणजे पाऊस वाढेल असंही नाही. तेवढंच पाणी जास्त कणांत वाटलं गेलं तर थेंब बारीकच राहतात.

माझे अमरावतीचे दोस्त जूनमध्ये ऑफिसातून घरी फोन करून पहिलं विचारतात, ‘पाणी आलं का?’ कोरडवाहू कपाशीला पावसानं दगा दिला की दुबार पेरणी, नवं बियाणं, नवं कर्ज. म्हणून धूर हा फक्त शहराचा प्रॉब्लेम, असं मला तरी वाटत नाही.