अप्पांचा संडास

कोकणातल्या लहान गावांतील लोकनेत्यांची ओळख बहुधा पदावरून सांगितली जाते. कोणी माजी नगराध्यक्ष असतो, कोणी सोसायटीचा चेअरमन, कोणी शिक्षण संस्थेचा सरचिटणीस. कणकवलीच्या अप्पासाहेब पटवर्धनांची ओळख मात्र त्यांच्या कामावरून सांगितली जाते, आणि ते काम म्हणजे संडास, मेलेली जनावरे आणि खत असे असल्यामुळे ती सांगताना अजूनही बोलणाऱ्याची जीभ किंचित अडखळते. ‘कोकणचे गांधी’ ही उपाधी बहुधा त्यामुळेच अधिक सोयीची ठरली असावी. उपाधी दिली की माणसाच्या तसबिरीला हार घालता येतो. त्याने अर्धे आयुष्य ज्या खड्ड्यांचा विचार केला, त्या खड्ड्यांत मग डोकावून पाहावे लागत नाही.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1894 रोजी त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात झाला आणि 10 मार्च 1971 रोजी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आज सिंधुदुर्ग म्हणून ओळखला जाणारा जिल्हा 1981 मध्ये वेगळा झाला, म्हणजे अप्पांच्या हयातीत कणकवली आणि मालवण ही दोन्ही गावे रत्नागिरी जिल्ह्यातच होती. तत्त्वज्ञान हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता. पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात, म्हणजे पुढच्या स. प. महाविद्यालयात, त्यांनी काही काळ अध्यापन केले आणि नंतर ती वाट सोडून ते गांधींकडे गेले. गांधींच्या आत्मकथेचे मराठी भाषांतर त्यांचेच आहे. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत गांधी ज्या मराठीतून पोचले ती मराठी कणकवलीच्या या माणसाची आहे, हे वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात येते. भाषांतरकाराच्या वाट्याला नेहमी येणारे हे विस्मरण अप्पांच्या बाबतीत मात्र त्यांच्या स्वभावाशी जुळणारे होते.

गांधींकडून परतल्यावर त्यांनी रत्नागिरी जिल्हा हेच आपले कार्यक्षेत्र मानले. त्याच काळात, 1924 ते 1937 या वर्षांत, सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि 1931 मध्ये भागोजीशेठ कीरांच्या द्रव्यबळावर तेथे पतितपावन मंदिर उभे राहिले. अस्पृश्यता मोडण्याच्या दोन वाटा एकाच जिल्ह्यात, एकाच दशकात शेजारी शेजारी चालत होत्या. सावरकरांच्या वाटेत मंदिराला आणि सहभोजनाला मोठे स्थान होते, म्हणजे जातीने ज्यांना बाहेर ठेवले त्यांना आत घेण्यावर भर होता. अप्पांनी उलट बाजूने, म्हणजे जातीने ज्या कामाला बाहेर ठेवले त्या कामाच्या बाजूने, सुरुवात केली. मंदिरप्रवेशाला त्यांचा विरोध नव्हता, उलट त्या चळवळीतही ते होते. परंतु माणसाला आत घेऊन त्याच्या डोक्यावरची मैल्याची पाटी तशीच ठेवली तर फारसे काही बदलत नाही, ही गोष्ट त्यांच्या कृतीतून प्रथमपासून दिसते.

1932 मध्ये कायदेभंगाच्या चळवळीतील राजबंदी म्हणून ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातील मैला साफ करण्याचे काम जात पाहून कैद्यांना दिले जात असे, आणि सवर्ण कैद्याने ते मागितले तर ते नाकारले जाई. अप्पांनी ते मागितले, ते नाकारले गेले, आणि त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला. येरवड्यात असलेल्या गांधींना हे कळल्यावर 3 डिसेंबर 1932 रोजी त्यांनीही सहानुभूतीचे उपोषण सुरू केले, आणि सरकारने प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर ते सोडले. तत्त्वज्ञानाचा एक माजी प्राध्यापक संडास साफ करण्याचा हक्क मागतो आणि साम्राज्याचे अधिकारी त्यावर पत्रव्यवहार करतात, हा प्रसंग चरित्रकारांना आवडणे साहजिक आहे. मात्र अप्पांच्या जीवनाचा कळस तेथे आहे असे मानणे ही त्यांच्यावर अन्याय करणारी चूक ठरेल.

याचे कारण असे की त्या हक्कात एक उणीव होती आणि ती आंबेडकरी चळवळीने अगोदरच नेमकी दाखवून दिली होती. सवर्ण माणूस स्वेच्छेने मैला उचलतो तेव्हा त्याला पुण्य किंवा निदान आदर मिळतो. ज्याच्या जन्माबरोबर ते काम येते त्याला तेच काम करून काहीच मिळत नाही. 1927 च्या महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि पुढे कोकणातल्या महारांनी ढोरे ओढण्याचे काम गावोगाव नाकारले, तेव्हा अनेक गावांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ‘हे कामही पवित्र आहे’ असे सांगणे हे त्या नकाराला उत्तर होऊ शकत नव्हते. महारांनी काम सोडले हे योग्यच झाले, आणि मेलेले जनावर ज्याचे आहे त्याने किंवा गावातल्या कोणीही, जात न पाहता, ते काम शिकावे, ही अप्पांची भूमिका होती. आणि ती बोलून न थांबता त्यांनी स्वतः सुरी हातात घेतली.

1948 मध्ये कणकवलीजवळ वागदे येथे, गड नदीच्या काठी, त्यांनी गोपुरी आश्रम स्थापन केला, आणि या टप्प्यावर अप्पांचा विचार प्रायश्चित्ताकडून तंत्राकडे वळलेला स्पष्ट दिसतो. आश्रमात चर्मालय होते, म्हणजे मेलेल्या जनावरांची कातडी सोलून कमावण्याची जागा; हाडे आणि उरलेले अवशेष यांचे खत करण्याची सोयही तेथे होती. गावाबाहेर कुजण्यासाठी फेकलेल्या जनावरात कातडे, चरबी, हाडे आणि खत एवढी संपत्ती आहे, आणि केवळ शिवाशिवीच्या धास्तीने गाव ती दरवर्षी गिधाडांना देऊन टाकतो, असा हा रोकडा हिशेब होता.

याहून महत्त्वाचा प्रयोग संडासाचा होता. त्या काळी शहरांत आणि मोठ्या गावांत टोपलीचा संडास चालत असे: बैठकीखाली टोपली किंवा डबा, मागच्या बाजूला लहानसे दार, आणि रोज सकाळी त्या दारातून मैला काढून नेणारा माणूस. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात हा मैला वाहून जाई किंवा नेणाऱ्याच्या अंगावर ओघळे, आणि खेड्यांत तर बहुतेक घरांना एवढीही सोय नसल्यामुळे सारा कारभार परसात, माळावर किंवा किनाऱ्यावर चाले. गोपुरीत विकसित झालेल्या संडासाची रचना दोन बंद कप्प्यांची होती. एक कप्पा वापरात असताना प्रत्येक वेळी वरून राख, माती किंवा पालापाचोळा टाकायचा; तो भरला की बंद करून दुसरा वापरायचा; आणि दुसरा भरेपर्यंत पहिल्यातील मैल्याची जिवाणूंच्या क्रियेने माती झालेली असते. तिलाच शेतकऱ्यांनी सोनखत असे रास्त नाव दिले आहे.

या रचनेतली खरी क्रांती शेवटच्या पायरीत आहे. कप्पा उघडून खत काढणाऱ्याच्या हाती मैला येत नाही, माती येते, आणि माती उपसायला जात लागत नाही. 1932 मध्ये अप्पांनी ‘ही पाटी मीही उचलेन’ असा आग्रह धरला होता. गोपुरीत त्यांनी पाटीचीच गरज संपवण्याचा उद्योग केला. पहिली गोष्ट अधिक नाट्यमय, दुसरी अधिक उपयोगाची. गांधींच्या अनुयायांत पहिल्या प्रकारची माणसे पुष्कळ झाली. दुसऱ्या प्रकारची फार थोडी, कारण त्यासाठी वासाचा, ओलाव्याचा आणि माशांचा महिनोन्महिने अभ्यास करावा लागतो आणि त्याची छायाचित्रे कोणी काढत नाही.

तरीही हा संडास सर्वत्र पसरला नाही, हे नोंदवले पाहिजे. भारतीय माणूस धुण्यासाठी पाणी वापरतो आणि पाणी वाढले की कोरड्या कप्प्यातली क्रिया बिघडते. शिवाय राख टाकण्याची शिस्त घरातल्या प्रत्येकाने पाळावी लागते. म्हणून पुढे पाण्याच्या झाकणीचे भांडे आणि दोन शोषखड्डे हीच पद्धत सरकारी योजनांत रूढ झाली. त्यातही आलटून पालटून वापरायच्या दोन खड्ड्यांचे तत्त्व तेच आहे. अप्पांचे आर्थिक विचार तर याहून एकाकी राहिले: ज्याप्रमाणे साठवलेले धान्य किडते त्याप्रमाणे साठवलेला पैसाही कमी होत गेला पाहिजे, म्हणजे व्याज मिळण्याऐवजी त्यावर बट्टा बसला पाहिजे, असे ते मांडत, आणि ज्या जिल्ह्यात मनिऑर्डरीवर चुली पेटत होत्या तेथे या म्हणण्याला श्रोते मिळणे कठीणच होते.

संडासाच्या कामाला मात्र वारस मिळाला, तो कोकणाबाहेर, देहूत. तेथे सरकारी दवाखान्यात काम करणारे डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर अप्पांच्या विचारांनी या कामाकडे ओढले गेले. मैल्यापासून जैववायू, म्हणजे गोबरगॅससारखाच ज्वलनशील वायू, देणारा ‘मलप्रभा’ हा संडास त्यांनी विकसित केला आणि आपल्या संस्थेला अप्पा पटवर्धनांचे नाव दिले. 2017 मध्ये मापुसकरांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

अप्पांच्या या साऱ्या कामाचा आजच्या देवबाग या किनारी गावाशी संबंध वरवर पाहता दूरचा वाटेल, पण तो अगदी पायाखालचा आहे. मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्या पुढे, कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्या मधोमध पसरलेली वाळूची चिंचोळी पट्टी म्हणजे देवबाग. येथील विहिरींना गोडे पाणी लागते ते पावसाचे असते: वाळूत मुरलेले हे हलके पाणी खालच्या जड खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराच्या थरात तरंगत राहते, आणि उपसा वाढला की हा थर पातळ होऊन खारेपण वर येते. याच वाळूत शोषखड्डे आणि सेप्टिक टाक्याही असतात. मातीत जंतू जितके अडतात तितके मोकळ्या वाळूत अडत नाहीत, त्यामुळे अशा भूमीत विहीर आणि संडास एकमेकांना अनोळखी राहू शकत नाहीत. पूर्वी एका घराचा भार एका खड्ड्यावर पडे. आता स्कूबा डायव्हिंगसाठी आणि जवळच्या सुनामी बेटावर येणाऱ्या पर्यटकांमुळे हंगामात न्याहारी-निवासाच्या घरांतील टाक्यांवर कित्येक कुटुंबांचा भार पडतो.

2016 च्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सिंधुदुर्ग जिल्हा सपाट प्रदेशातील जिल्ह्यांत देशात पहिला आला, ही अभिमानाचीच बाब आहे. मात्र अशा मोजणीत मुख्य प्रश्न संडास आहे की नाही आणि तो वापरला जातो की नाही हा असतो. अप्पांचा प्रश्न त्यानंतर सुरू होत असे: मैला पुढे जातो कोठे, आणि तो नेतो कोण? 2013 च्या कायद्याने सेप्टिक टाकीत साधनांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि वाळूच्या पट्टीवर उपसलेला गाळ टाकायला रिकामी, पाण्यापासून दूरची जागाच नाही. जमिनीत खोल न जाणारी बंद टाकी, तिच्यातून निघणारा वायू स्वयंपाकघरात आणि मुरलेले खत माडांच्या आळ्यांत, ही गोपुरी-देहूची मांडणी येथे तंत्रदृष्ट्या बसू शकते. न्याहारी-निवासाच्या घरात चूल दिवसभर पेटलेली असल्यामुळे वायूला गिऱ्हाईकही घरातच आहे. अडचण उरते ती त्या वायूवर शिजलेल्या सुरमईच्या कालवणाची, आणि ते यजमानांच्या घरातच आधी कोणी चाखायचे याची.